प्रयागबाईच्या डब्यातली पुडी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. घेते बापा! नागनाथ. तीस वर्षं आदिलाबादच्या बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करून राह्यले, पण स्वतःचं म्हणून एकबी बनवलं नव्हतं. आमची पोरगी प्रीती डीएससी, म्हंजे मास्तरकीची परीक्षा, पास झाली. सोमवारी भीमपूरच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू व्हाची होती. तवा बाप हट्टाले पेटला, "पोरीच्या हातात पहिल्या दिवशी माह्या हातचं घड्याळ पायजे. चावीचं!"

पितळेची डबी घासून घासून केली. डायलवर मराठी आकडे काढले. मधात बसवाचं मशीन मात्र भेटेना. चाकं, स्प्रिंग मिळून आतलं जे आख्खं यंत्र असते ना, त्याले हे लोक मशीन म्हणतात. चार आण्याच्या नाण्याएवढं पायजे होतं. भैंसा गाव पालथं घातलं, मुधोळ झालं. मोबाईलवरून मागवलं तं ते डबीत मावेना. एक दुकानदार म्हणे, "सेलवालं टाका काका, आतमंदी कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो ना!" असे भडकले, की शनिवारी जेवलेबी नाही.

मग मलेच राग आला. तीस वर्षांमागं सेलचं खूळ निघालं, तवा बायकांनी चावीची घड्याळं आणून मशीन बदलून घेतलं. बाकीचे दुकानदार जुनं मशीन ठेवून घ्याचे. आमचे राजे? कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाले वापस! उस्तादानं शिकवलं होतं म्हणे, दुसऱ्याचा स्क्रूबी आपल्या डब्यात ठेवाचा नाही.

"ठेवले असते तं आज डबाभर असते!" म्या तोंडावर म्हटलं.

ते रिकामी डबी परत घासत बसले. मलेच वाईट वाटलं. अन् तितक्यात डोक्यात आलं, "अवो, पण त्या पुड्या कुठं जातील? बाया काई फेकतात काय?"

रविवारी सकाळीच दोघं निघालो. पहिल्या घरी मशीन हरवलं होतं, दुसऱ्या घरी गंजलं होतं. तिसरं घर प्रयागबाईचं, भाजी इकते ती. तिनं शिवणाच्या डब्यातून पुडी काढली. वर यांचंच अक्षर. "प्रयागबाई. मशीन चालू आहे. जपून ठेवा."

"तुमीच लिवलं होतं, म्हणून ठेवलं," ती म्हणाली. "न्या. पोरीच्या हातात चालू द्या. माह्या डब्यात काय करते?"

घरी येऊन यायनं मशीन धुतलं, तेल देलं, डबीत बसवलं, चावी फिरवली अन् घड्याळ माह्या कानाले लावलं. टिकटिक! मी रडली. तीस वर्षं त्या पुड्यांवरून भांडली होती मी यांच्याशी.

सोमवारी प्रीती निघाली. भिंतीवर मोठं घड्याळ असूनबी म्या इचारलं, "किती वाजले गं?"

तिनं मनगट वर केलं. "साडेसात."

बाप दाराशी उभा राहून ऐकत होता. म्या आणखी एकदा इचारलं.

"आई, आत्ताच तं सांगितलं!"

"सांग ना बाई," म्या म्हटलं, "तुह्या बाबाले ऐकू दे."