बिबवेवाडीतले हळदीकुंकू

मुलांनो, काल दुपारी चारला मी कर्वेनगरहून निघाले ती बिबवेवाडीला, उषाकडे जायला. उषा म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्याकडे दर संक्रांतीला हळदीकुंकू (बायकांना बोलावून हळद-कुंकू लावायचे, तिळगूळ द्यायचा आणि वाण म्हणजे एखादी छोटी वस्तू हातात ठेवायची) असते. या वर्षी तिचा फोन आला, "ताई, सोमवारी हळदीकुंकू आहे. तू मंगळवारी ये, निवांत बोलू."

तुमचे आजोबा गेले त्यानंतरची ही माझी पहिली संक्रांत. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. मी "बरं" म्हटले. फोन ठेवल्यावर राग आला, वाईट वाटले की सुटल्यासारखे झाले, हे काही मला ठरवता येईना.

वर्तमानपत्रात सध्या हाच वाद चालू आहे. एका निवृत्त गृहस्थांनी लिहिले, विधवांना बोलवावे. दुसऱ्या निवृत्त गृहस्थांनी लिहिले, मुळीच बोलवू नये. विधवांपैकी एकीचेही पत्र नाही. त्याखाली मोबाइलची जाहिरात: येणारा फोन आता फुकट.

स्वारगेटला रिक्षा अडकली. मार्केट यार्डाच्या बाजूला कांद्याचे ट्रक ओळीने उभे होते, आणि त्यांच्यामधून रिक्षावाला एका हातात मोबाइल धरून बोलत वाट काढत होता. मी म्हटले, "अहो, समोर बघा."

"तुम्ही बघताय ना," तो म्हणाला.

उषाच्या सोसायटीतल्या सगळ्या इमारतींना यंदा एकच पिस्ता रंग दिला आहे. दुसरा मजला, उजवे दार. दार उघडे होते आणि बाहेर चपलांचा ढीग. मला वाटले, उषाने हळदीकुंकू मंगळवारवर ढकलले आणि कळवायचे राहून गेले. परत फिरावे असे मनात आले, तेवढ्यात साडी नेसलेली एक तरुणी बाहेर आली. गळ्यात मंगळसूत्र, त्यावर कंपनीचे ओळखपत्र.

"या ना काकू, अशा बाहेर काऊन उभ्या?" (काऊन म्हणजे का, वऱ्हाडातला शब्द.)

आत गेल्यावर कळले की हे उषाचे घर नाही. ही मुलगी अमरावतीची, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. तिची सोसायटीत फारशी कोणाशी ओळख नव्हती, म्हणून तिने जिन्यात कागद लावून सगळ्यांनाच बोलावले होते. त्यामुळे मी कोण, असे कोणी विचारलेच नाही. घर चुकले हे मी सांगणार, तोच ती कुंकवाचा करंडा घेऊन समोर आली. टिकली मी सोडलेली नाही आणि गळा शालीत झाकलेला. तिला कळावे तरी कसे?

"थांब बाळ," मी म्हटले. "माझे यजमान गेल्या उन्हाळ्यात गेले."

तिचे बोट हवेतच राहिले.

"मग लावू की नको?" ती हळूच म्हणाली. "इथे विचारायला मोठं कोणी नाही, काकू. तुम्हीच सांगा."

आयुष्यभर सगळ्यांना सगळे नीट सांगत आलेली मी. ती खरोखरच उत्तराची वाट पाहत होती.

"लाव," मी म्हटले.

तिने लावले. तिळगूळ दिला, वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी दिली. मग उषाची इमारत दाखवायला खाली आली.

उषाने दार उघडले आणि माझ्या कपाळाकडे पाहत राहिली. "कोणी लावलं?"

"तुझ्या शेजारच्या इमारतीत. घर चुकले."

तिने चहा टाकला. मग पाठमोरीच म्हणाली, "काल बोलवायला हवं होतं का गं तुला?"

"मला माहीत नाही, उषा," मी म्हटले. खरेच माहीत नव्हते. आले असते, की काहीतरी कारण सांगून टाळले असते?

मग आम्ही दोघींनी चहा घेतला. साखर जरा जास्तच झाली होती.

संध्याकाळी घरी पोचले. बाहेरून आल्यावर हातपाय-तोंड धुवायची माझी शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे. बेसिनपाशी उभी राहिले, नळ सोडला, हातपाय धुतले आणि तोंड तसेच ठेवून बाहेर आले.