परभणीचे दोन व्हरांडे

पाथरीहून परभणीला आजारी माणूस न्यायचा असेल, तर बैलगाडीत कडबा जाड अंथरावा, त्यावर गोधडी टाकावी आणि उशाला वळकटी द्यावी. काळ्या रानातल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात. हे मी आता सांगतो आहे. निघालो त्या पहाटे मला एवढंच माहीत होतं की माझा धाकटा भाऊ दत्ता मरू शकतो.

शेती तो बघतो, वकिली मी करतो. दिवाळीपासून त्याला ताप येत होता. उजव्या बरगड्यांखाली ठणका, दुपार कलली की हुडहुडी. काढे झाले, पथ्य झालं, अंग सुकत चाललं. शेवटी गावातले डॉक्टर म्हणाले, "यकृतात पू झालाय. परभणीच्या दवाखान्यात हैदराबादहून एक डॉक्टर आलेत. याच रोगावरच्या इलाजाचा अभ्यास करतायत. तिकडे न्या."

अभ्यास हा शब्द मला खटकला. अभ्यास कोण करतो? ज्याला उत्तर अजून सापडलेलं नाही तो.

आईनं पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा पुडीत बांधून दिला. वाटभर प्रत्येक धक्क्याला मी दत्ताच्या तोंडाकडे बघत होतो. मानवतला बैल सोडले. खानावळीत भाकरी-पिठलं बरं मिळतं. दत्तासाठी ताक मागून घेतलं. माझी भाकरी ताटात तशीच राहिली.

"दादा, कोर्टात बी असाच भ्यायलास का?" दत्ता म्हणाला. "मग तुझी पक्षकारं लय धाडसी म्हनायची."

मानवत रोड स्टेशनावर आगगाडी धरली. तिकिटासाठी निजामाचे हाली सुटे पैसे जवळ ठेवावेत, इंग्रजी नाण्याला बाबू कुरकुर करतात. डब्यात पागोटेवाल्या एका म्हाताऱ्यानं दत्ताला निरखलं.

"दवाखान्यात का? त्या सुईवाल्याकडं?"

"हो," मी म्हणालो.

"एकाला टोचतो, एकाला सोडतो म्हनं. आमच्या गावचा एक गेलाय तिथं. अजून आला न्हाई."

त्यापुढे बाहेरची शेतं मला दिसलीच नाहीत.

रात्र परभणी स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत काढली. पाण्याचा तांब्या स्वतःचा न्यावा. सकाळी टांग्यानं दवाखान्यात पोचलो. पायऱ्यांवर पाचसहा आजारी आणि त्यांची माणसं आधीच बसलेली होती. डॉक्टर बाहेर आले. उंच, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र सावकाश. उर्दूत आणि मोडक्या मराठीत त्यांनी सगळ्यांना समजावलं. औषधाचं इंजेक्शन सगळ्यांनाच मिळेल. डाव्या व्हरांड्यातल्यांना त्याखेरीज जाड सुई घालून पू काढतील. उजव्या व्हरांड्यातल्यांना नुसतं इंजेक्शन. येतील त्या ओळीनं एक डावीकडे, दुसरा उजवीकडे. जो खालावेल त्याचा व्हरांडा ते बदलतील. ज्याला हे नको, त्यालाही औषध मिळेलच.

"दोन्हींत चांगलं कोणतं?" मी इंग्रजीत विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "माहीत असतं तर दोन व्हरांडे कशाला केले असते?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. एवढ्या लांबून भाऊ घेऊन यायचं ते हे ऐकायला? दाराशी ठेवलेल्या ट्रेमधली सुई मी पाहिली होती. गोणपाट शिवायच्या दाभणाएवढी होती. मी ओळ मोजली. दत्ताची पाळी उजवीकडे येत होती. मी मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात एक बाई नवऱ्याला पाठीवर घेतल्यासारखी आधार देत आली. पोखर्णीचे होते. नवऱ्याचं नाव किसन. त्याला उभं राहवत नव्हतं. दत्ता कठड्याला धरून उठला.

"बाई, तुमी व्हा म्होरं. ह्यास्नी दम न्हाई."

"तुमी बी आजारीच हाव की, भाऊ."

"मी काय, वकिलाचा भाऊ. तारीख पडायची सवय हाय आमाला."

किसन उजवीकडे गेला. दत्ता डावीकडे.

मी डॉक्टरांच्या मागे धावलो. दोघांची अदलाबदल करा, आमची जागा तीच होती, असं इंग्रजीत पुन्हापुन्हा म्हणालो. ते थांबले. "तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून मी बदल केला, तर पुढच्या माणसाला काय सांगू? सुई नको असेल तर भावाला या ओळीतून काढून घ्या. मी माझ्या समजुतीनं इलाज करीन. पण माझी समजूत चुकीची असू शकते."

दाराशी ती बाई उभी होती. "काय म्हनलं ओ सायेब?"

"काही नाही," मी म्हणालो. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला काय यावं हे मी परक्या भाषेत ठरवू पाहत होतो, हे तिला कसं सांगणार?

दत्ताला विचारलं. तो म्हणाला, "टोचू दे. आत राहून त्यो पू काय वासरू देनार हाय का?"

सुई आत गेली तेव्हा त्यानं माझं मनगट एवढं आवळलं की माझीच बोटं बधिर झाली. चिंचेच्या कोळासारखं तपकिरी काहीतरी भांड्यात येत राहिलं. मला वाटलं, त्याच्याबरोबर तोही निघून चाललाय. नंतर तो झोपला, आणि त्याचा श्वास चालू आहे का हे बघत मी बसलो. औषधानं हृदय थकतं म्हणून उठून बसायचीही बंदी होती. शेतकऱ्याला निजवून ठेवणं सुईपेक्षा अवघड. अंगारा कपाळाला लावा, पोटात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेवढं मात्र त्यानं ऐकलं.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. दत्ताचा ताप हळूहळू उतरला. किसनचा त्याच्याआधी उतरला, सुईशिवाय. डाव्या व्हरांड्यात दत्ताच्या शेजारचे आजोबा सुई घेऊनही वारले. मी डॉक्टरांना विचारलं, मग यावरून काय समजायचं? "काहीच नाही," ते म्हणाले. "अजून पुष्कळ माणसं यायची आहेत."

परतताना गाडीत दत्ता पोटभर जेवला. घरी आलो, आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मला वाटलं, भीती स्टेशनावरच उतरली.

परवा शेजारचे गणपतराव आले. त्यांच्या मुलाला तोच ताप, तोच ठणका. मी त्यांना कडबा सांगितला, मानवतचं ताक, सुटे पैसे, स्वतःचा तांब्या, ते दोन व्हरांडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "वकीलसाहेब, आन् पोराला कोन्त्या व्हरांड्यात बसवू?"

ओट्यावरून दत्ता ओरडला, "म्होरं कुनी जास्त आजारी असलं तर त्याला जाऊ द्या, मंग ज्यो येईल त्यो!"

गणपतराव हसले नाहीत. ते माझ्याकडेच बघत होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांकडे मी ज्या नजरेनं बघितलं होतं, त्याच नजरेनं ते माझ्याकडे बघत राहिले. मग बैल जुंपायला उठले.