परातीतले पाय

मी आयुष्यात एकच दिवस संत होतो. तोही अकोल्याला, सासुरवाडीत, जिथे जावयाला संत समजण्याची पद्धत मुळीच नाही.

तेव्हा मी अमरावतीला एका शाळेत मास्तर होतो. अधिक महिना लागला आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. जावयाचे पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्याला पाटावरून उठवेनासं होईपर्यंत वाढत राहायचं, असा तो थाट. अनारसा म्हटला की मी शिकलेला माणूस राहत नाही.

बडनेऱ्याला गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत फिरकीच्या तांब्यातलं सगळं पाणी मीच संपवलं. अकोल्याला उतरलो, तर डाव्या पायात चप्पल नाही! कुठे गळली, पायाला पत्ता नाही. "विद्वान माणसाचं असंच व्हायचं," असं मी बायकोला समजावलं. (पायांना मुंग्या तर वर्षभर येत होत्या. तो दोष मी शाळेच्या खुर्चीला देऊन मोकळा झालो होतो.)

सासऱ्यांचा मोर्णेच्या काठी भाजीपाल्याचा मळा होता. माणूस भाबडा आणि देवभोळा. त्यांनी मला पाटावर बसवून पाय परातीत ठेवायला लावले. सासूबाईंनी चुलीवरचं पाणी आणलं, पण गडबडीत त्यात गार पाण्याचं विसण घालायचं विसरल्या. सासऱ्यांनी तांब्याने धार धरली.

"पानी बरं हाय ना जी, जावईबापू?"

"उत्तम," मी म्हणालो. मग पाय चोळायला त्यांनी परातीत हात घातला आणि बुजलेल्या बैलासारखे मागे सरकले. मेव्हण्याने खात्री करायला बोट बुडवलं आणि ते तोंडात धरून उभा राहिला. मी मात्र तशाच पाण्यात पाय ठेवून मंद हसत होतो. सासऱ्यांनी हात जोडले.

"पोचलेले हायेत जावईबापू. आपल्याले समजलंच नाही."

खरं तर तिथेच नाही म्हणायचं. पण मास्तराला असा मान रोज थोडाच मिळतो? मी डोळे मिटून घेतले. तासाभरात आसपासच्या मळ्यांतली माणसं दर्शनाला आली. शेजारच्या आजींनी विचारलं, म्हैस यंदा तरी गाभण राहील का? राहील, म्हणालो. दोन आशीर्वादांच्या मधे एक अनारसा, असं माझं संतपण छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पायांवर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"हे फोड दुखून नाही राहिले तुमाले?"

"कुठले फोड?" मी पायांकडे पाहिलं. बोरांएवढे फोड आले होते, आणि मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. तेवढ्यात न्हाणीकडून मेव्हण्याने विचारलं, "इथं गूळ कोनं सांडला? लय मुंग्या लागल्या." माझ्यानंतर तिकडे कुणीही गेलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "माह्या बाबाले असंच होतं. निखाऱ्यावर पाय पडला तरी समजे नाही. मंग पाय कापा लागला, जी."

त्या क्षणी मी मनापासून घाबरलो. भाजलेले पाय घेऊन बैलांच्या दमणीत बसलो, आणि दर्शनाला आलेलीच माणसं मला पोहोचवायला डॉक्टरांकडे निघाली. डॉक्टरांनी नळीतल्या निळ्या औषधात लघवी घालून तापवून पाहिली. ती विटेसारखी लाल झाली. साखर! म्हणाले, पाय तुम्हाला वर्षभर सांगत होते, तुम्ही ऐकलं नाहीत. महिनाभर बायकोने रोज पट्ट्या बांधल्या तेव्हा कुठे पाय वाचले. गोड मात्र कायमचं गेलं.

पुढचा धोंडा तीन वर्षांनी आला. या खेपेला सासूबाईंनी पाणी तीनदा हात घालून पाहिलं. मग वाण आलं, दिवा लावलेलं, वर रुमाल. मी आशेने रुमाल उचलला. खाली मळ्यातली ताजी तेहतीस कारली!

तेवढ्यात शेजारच्या आजी वाडगाभर खरवस घेऊन आल्या. म्हैस दुसऱ्यांदा व्याली होती, आणि त्यांच्या लेखी मी अजून संतच होतो. बायकोने वाडगा माझ्यासमोरून उचलून पंगतीत फिरवला. माझ्या आशीर्वादाचं फळ सगळ्यांनी बोटं चाटत खाल्लं. मी कारली खाल्ली.