साळिंदर आत की बाहेर?

वसाहतीच्या फाटकावरील पहारेकऱ्यास सारे ‘मामा’ म्हणत. फाटकालगतच्या खोलीत ते पत्नीसह एकोणीस वर्षे राहत होते, आणि एवढ्या काळात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीत त्यांच्या हातून एकही नोंद सुटलेली नव्हती.

वसाहतीच्या मागे टेकडीवरचे रान होते. पुढे, रस्त्यापलीकडे, ओढ्याकाठची झाडी. पूर्वी हे एकच जंगल होते, मग मधोमध इमारती आल्या. टेकडीवर बीळ असलेले एक साळिंदर मात्र जुनी वाट सोडीना. दिवेलागणीला ते मागच्या भिंतीच्या भोकातून शिरे, फाटकाखालून ओढ्याकडे जाई आणि उजाडता उजाडता त्याच वाटेने परते. मामा फाटकावर नेमाने लिहीत : ‘सायंकाळी बाहेर. पहाटे आत.’ पाहुणा आधी आत येतो, मग बाहेर जातो. याचे सारेच उलटे. म्हणून ‘कोणाकडे’ हा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता.

“माझ्या येण्याजाण्याची वेळ टिपलीत का कधी?” पत्नीने एकदा टोमणा मारला.

“तू रहिवासी आहेस.”

“आणि हा काटेरी जावई कोण?”

मामांनी वहीचे पान उलटले.

पुढे कोणाच्या तरी बागेतले कंद उकरले गेले आणि सेक्रेटरीबाईंनी भोक बुजवण्यास मिस्त्री बोलावला. नेमकी तो आला त्याच दिवशी पहाटेची ‘आत’ची नोंद नव्हती. चहा उतू जातो म्हणून मामा क्षणभर खोलीत गेले होते. तेवढ्यात साळिंदर आत निसटून टेकडीवर गेले, की ओढ्याकडेच अडकले? अडकले असेल, तर भोक बुजताच त्याचे बीळ त्याला कायमचे तुटणार. आपली वही चुकलेली असावी, असे मामांना आयुष्यात प्रथमच वाटले.

“मामा, वही काय म्हणते? आत आहे की बाहेर?” बाईंनी विचारले.

मिस्त्रीने थापी उचललीच होती. वहीतले ‘आत’ म्हणजे वसाहतीत, अशीच बाईंची समजूत होती.

“आत,” मामा म्हणाले. “सहा दहाला आलं. लिहायचं राहिलं.” आणि त्यांनी बाईंच्या देखतच ती खोटी नोंद केली.

“अगबाई! म्हणजे बुजवलं तर आपल्यातच कोंडायचं ते! मिस्त्री, थांबा. बाहेर गेल्याची नोंद झाली की बोलावते.”

“आता साळिंदराच्या सवडीनं कामं करायची का, बाई?” म्हणत मिस्त्रीने घमेले उचलले.

दिवेलागणीला मामा रस्त्याकडे डोळे लावून बसले. काट्यांची खुळखुळ मात्र पाठीमागून आली. साळिंदर टेकडीकडून येत होते. म्हणजे पहाटे ते परतलेच होते! खोटी नोंद खरी होती, आणि ती नसताना वही खोटी होती. आता खाडाखोड करायची तर कशाची?

साळिंदर फाटकाखालून निघून गेले.

“लिहा की, बाहेर म्हणून,” पत्नी म्हणाली.

लिहिले, की उद्या मिस्त्री येणार. मामांनी पेनाला टोपण लावले.

पहाटे साळिंदर परतले, तेव्हा मामा पुन्हा वही उघडून बसले. पण जे वहीप्रमाणे बाहेर गेलेच नव्हते, त्यास ‘आत’ तरी कसे लिहावे?