मुनिरा सिस्टरचा हिरवा उजेड

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काही वर्षं गेली आणि माझा उजवा डोळा पुन्हा धुरकट झाला. सकाळी पेपर उघडला की अक्षरांवर दुधाची साय धरल्यासारखं वाटायचं. सिडकोतल्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. नकाशातली बारीक नावं वाचण्यात जन्म गेलेला, त्यामुळं फार घाबरले. मोतीबिंदू परत आला, असं मनाशी धरूनच डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर मेघांनी तपासलं आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू परत येत नसतो. आत बसवलेल्या भिंगामागचा पातळ पडदा गढूळ झालाय. लेसरनं त्याला एक खिडकी पाडू."

लेसर म्हटल्यावर मी आणखीच घाबरले. बाहेरच्या बाकावर मला थेंब घालायला जी सिस्टर आली, ती मुनिरा. तिशी ओलांडलेली, निळ्या गणवेशावर पांढरा हिजाब, बोलणं हळू. लेसरनं डोळा जळेल का, असं मी तिला विचारलं, तशी ती शेजारी बसली.

"मॅडम, तुमचा लेसर जाळत नाय," ती म्हणाली. "त्याचा उजेड तुम्हाला दिसणारही नाय. लाल ठिपका दिसंल, तो फक्त नेम धरायला. खरा लेसर एका बिंदूवर येतो, तिथं बारीक ठिणगी पडते आन् पडदा फाटतो. ठिणगी इतकी झटकन विझते की आजूबाजूला गरम व्हायला वेळच मिळत नाय. टक टक आवाज येईल. तेवढाच."

तसंच झालं. मुनिरानं मागून माझं डोकं दोन्ही हातांनी यंत्राच्या पट्ट्याशी धरून ठेवलं, टक टक झालं आणि काम संपलं. संध्याकाळी घरासमोरच्या कडुलिंबाची पानं वेगवेगळी दिसायला लागली.

या आनंदात मी डॉक्टरांना म्हटलं, माझ्या जोगतं काही काम असेल तर सांगा. तेव्हापासून अधूनमधून मी त्या दवाखान्यात जाऊन बसते. खेड्यांतून आलेल्यांना कुठं जायचं, काय करायचं ते समजावते. त्यामुळंच मुनिराची गोष्ट मला जवळून पाहायला मिळाली.

ती देवगाव रंगारीची. तिचे वडील अन्सारभाई यांचं बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. मुनिरा नर्सिंग शिकायला शहरात आली तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत साखर उतरली होती. साखरेच्या आजारात डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त नीट पोचत नाही. मग तिथं नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कधीही गळतात, आणि माणूस एका सकाळी उठतो तो डोळ्यात काळं जाळं घेऊनच. डॉक्टरांनी अन्सारभाईंना लेसर घ्यायला सांगितलं होतं. बाजारात कुणीतरी म्हणालं, लेसरनं डोळा जळतो. ते गेलेच नाहीत. डावा डोळा गेला. तेव्हा मुनिरा त्यांना हाताला धरून घेऊन आली आणि उजव्या डोळ्याला लेसर करवून घेतला. तो राहिला. घड्याळजी डोळ्याला जे भिंग लावतो ते एकाच डोळ्याला लागतं, त्यामुळं माझं काही अडत नाही, असं अन्सारभाई आजही गिऱ्हाइकांना सांगतात.

मुनिरा लेसरच्या खोलीत काम मागून घेऊन आली, ती यामुळं.

तिथल्या सगळ्या यंत्रांची तिला ओळख आहे, आणि ती ओळख ती दुसऱ्याला करून देते. चष्म्याचा नंबर घालवायला कॉलेजची मुलं येतात, त्यांचा लेसर वेगळा. तो अदृश्य जांभळ्यापलीकडचा उजेड. बुबुळावरच्या पारदर्शक भागाचे अगदी पातळ थर उडवून तो त्याला नवा आकार देतो. सुतार रंधा मारतो तसा, पण ऊब न लावता. पडद्याच्या आजारासाठी हिरवा लेसर. त्याचं काम मात्र उष्णतेचंच. "डोळ्याचा पुढचा भाग काचेसारखा," मुनिरा सांगते. "खिडकीच्या काचेतनं ऊन आत येतं, काच काय तापत नाय. पण आत काळं कापड ठेवलं तर ते तापतं. तसा हिरवा उजेड पुढून निघून जातो आन् मागच्या काळपट थरावर जाऊन थांबतो." एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं की त्वचेचे चामखीळ काढतात तो लेसर हाच का. ती म्हणाली, "नाय दादा. तो पाण्यावर चालतो. आपल्या कातडीत पाणी लई, ते एका क्षणात वाफ होतं, म्हणून तो सुरीसारखा कापतो. तो डोळ्यात घातला तर पुढंच अडकंल, मागं पोचायचाच नाय."

ही सगळी माहिती डॉक्टर मेघांनीच तिला शिकवली, हे ती आवर्जून सांगते. डॉक्टर म्हणतात, "मी शिकवलं ते तिला. पण लोकांना उमगतं ते तिच्या तोंडून."

मागच्या पावसाळ्यानंतर पिशोरहून मनकर्णाबाई आल्या. सोबत मुलगा राजेंद्र. घरची अद्रकीची शेती. लावणीच्या वेळी अद्रकीचं बेणं निवडायला गावातले लोक मनकर्णाबाईंना बोलावून नेत, कारण कंदाला आतून लागलेली कूज त्यांना सालीवरनंच ओळखू यायची. त्या वर्षी त्यांनी निवडलेल्या बेण्यात कुजके कंद निघाले. तेव्हा घरच्यांना कळलं की माय बघतेय, पण तिला दिसत नाही.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत त्या कच्च्या रक्तवाहिन्या निघाल्या. डॉक्टरांनी हिरवा लेसर सांगितला. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि उठून उभ्या राहिल्या.

"ह्या राजूच्या पोटातला खडा लेसरनं फोडला," त्या म्हणाल्या. "दगडाचा भुगा केला त्यानं. ते माझ्या डोळ्यात घालता व्हय?"

कुणी हसलं नाही. मुनिरानं त्यांना बसवलं. "मावशी, तो लेसर एका बारीक तारेतनं थेट खड्यापाशी नेतात. तिथल्या पाण्यात त्याची ताकद उतरते आन् खडा फुटतो. हा वेगळा. नाव एक असलं तरी जात वेगळी. अद्रक आन् हळद दोन्ही जमिनीतच येतात, पण भाजीत एकाच्या जागी दुसरं घालता का तुम्ही?"

मनकर्णाबाई जरा निवळल्या. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मला पहिल्यासारखं दिसंल ना?"

राजेंद्रनं मुनिराला बाजूला घेतलं. मी जवळच होते, त्यामुळं ऐकू आलं. "सिस्टर, व्हय म्हणा. व्हय म्हणलं तर ती बसंल. आमच्या शेजारच्या चंपाबाईनं लेसर केला आन् तिची नजर गेली, म्हणून माय आधीच भ्यालीय."

"मी खोटं नाय सांगणार, दादा," मुनिरा म्हणाली आणि मनकर्णाबाईंसमोर जाऊन बसली. "मावशी, गेलेली नजर हा लेसर आणत नाय. जी हाय ती राखतो. पडद्याच्या कडंला जिथं रक्त पोचत नाय, तिथं आम्ही बारीक बारीक ठिपके देतो. ती कड थोडी मरते, मग मधला भाग वाचतो. बाजूचं जरा कमी दिसंल. अंधारात अडखळायला व्हईल. पण माणसाचं तोंड दिसत राहील, हातातली वस्तू दिसत राहील. नाय केलं तर कधी काय होईल, सांगता येत नाय."

मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कड मारायची, आन् नजर तर वाढायची नाय. मग कशाला?" असं म्हणून त्या निघाल्या. राजेंद्र जाताना मुनिराकडं रागानं बघत होता.

त्या दिवशी मुनिरा जेवली नाही. मी म्हटलं, "थोडं गोड बोलली असतीस तर?" तिनं मान हलवली. "मॅडम, मग उद्या नजर वाढली नाय की सगळं गाव म्हणंल, लेसरनं डोळा गेला. पुढचे दहाजण येणार नायत."

पण ती स्वस्थ बसली नाही. रविवारी ती देवगावला गेली तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. अन्सारभाईंनी दुकान बंद केलं. "चल, मैं भी आता," ते म्हणाले. दोघं कन्नडला उतरून पिशोरच्या गाडीत बसले.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

मनकर्णाबाईंच्या ओट्यावर चंपाबाईच बसलेल्या होत्या. दोन्ही डोळे पांढुरके, आवाज खणखणीत. मुनिरा कोण हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "आलीस का आता हिचे डोळे घ्यायला."

मुनिरानं वाद घातला नाही. त्यांच्याजवळ बसली आणि विचारलं, "तुमचं कसं झालं, मावशी? मला सगळं सांगा."

चंपाबाईंना आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या बोलत राहिल्या. साखर कित्येक वर्षांची. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. एका डोळ्यात रक्त उतरलं तरी घरच्यांनी आधी पाला बांधला. दुसऱ्यातही जाळं आलं तेव्हा कुठं शहरात नेलं. "पुतण्या म्हणला, काकू, लेसर केला की चकचकीत दिसंल. मी देवाला नवस बोलले. लेसर झाला. दिसलं काय? अंधार." मग त्यांनी मुनिराकडं तोंड वळवलं. "उशीर झाला व्हता का गं माझा?"

"व्हय मावशी. लई उशीर झाला व्हता."

"मग मला कुणी तसं सांगितलं का नाय?" चंपाबाई म्हणाल्या. "खरं सांगितलं असतं तर मी लेसरला शिव्या दिल्या नसत्या. गावभर सांगत फिरले मी."

अन्सारभाईंनी चष्मा काढला आणि मनकर्णाबाईंना आपले डोळे दाखवले. "ताई, हा डावा मी भिऊन घालवला. हा उजवा पोरीचं ऐकून ठेवला. लेसर घेताना टोचतं, चमकतं, डोकं दुखतं. खोटं नाय सांगत. पण आजही घड्याळाचा स्क्रू उचलतो."

त्यांनी खिशातून एक बायकी मनगटी घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं आणि त्यातली चाकं फिरताना मनकर्णाबाईंना दाखवली. मनकर्णाबाईंना ती नीट दिसली नाहीत. त्यांनी घड्याळ डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, परत दिलं. मग आतल्या बाजूला उभ्या असलेल्या राजेंद्रला म्हणाल्या, "शहराला कधी जायचं, ते विचार हिला."

चंपाबाईंना मुनिरानं एवढंच सांगितलं की तुमचेही डोळे एकदा दाखवा. नजर येईल असं म्हणत नाही, पण डोळ्यातला दाब वाढला असेल तर ठणका कमी करता येतो. चंपाबाईंचा एक डोळा रात्रंदिवस ठणकत होता, हे तिनं त्यांच्या कपाळावरच्या हातावरून ताडलं होतं.

मनकर्णाबाई आल्या. डोळा बधिर करायचे थेंब, त्यावर भिंग, आणि हिरवा लखलखाट. मुनिरा त्यांचं डोकं धरून शेवटपर्यंत हळू आवाजात बोलत होती. "आता एक ओळ झाली. समोर बघा, मावशी. डोळा हलवू नका." मनकर्णाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती, पण डोकं हलवलं नाही. एका बैठकीत ते होत नाही; त्या पुन्हा पुन्हा आल्या. मधे एका डोळ्यात सूज आली, इंजेक्शन द्यावं लागलं. तेव्हा राजेंद्र पुन्हा बिथरला, आणि मुनिरानं त्याला पुन्हा खरं तेच सांगितलं, की लेसर एकटा सगळं करत नाही. साखर आवरली नाही तर केलेलं सगळं वाया जाईल. घरातला सकाळचा गोड चहा त्या दिवसापासून बंद झाला, राजेंद्रचासुद्धा.

मनकर्णाबाईंची नजर आहे तिथं थांबली आहे. दिवेलागणीनंतर त्या एकट्या बाहेर पडत नाहीत, बाजूनं आलेली मोटारसायकल त्यांना उशिरा कळते. बेणं निवडायला मात्र त्या उन्हात बसतात, कंद हातात फिरवून फिरवून बघतात. पूर्वीपेक्षा वेळ लागतो. लोक थांबतात.

चंपाबाईंच्या डोळ्यातला दाब औषधानं उतरला आणि ठणका गेला. दिसत त्यांना काही नाही. पण पिशोरमध्ये कुणाला साखर निघाली की आता त्या स्वतः त्याच्या घरी जाऊन बसतात आणि सांगतात, डोळे दाखवून ये, अजून चांगलं दिसतंय तवरच जा. मी हे मुनिराला म्हटलं, की तुझ्यापेक्षा आता त्यांच्याच सांगण्यावरून जास्त लोक येतात. ती म्हणाली, "येऊ द्या मॅडम. बाकावर जागा करा तेवढी." आणि पुढच्या रुग्णाचं डोकं धरायला आत गेली.