शिनाख्त

मेंढरांना कंटाळून माझा थोरला भाऊ आखातात गेला आणि तिथं त्याच्या नशिबी मेंढरंच आली. मानवतच्या एजंटानं बागकाम सांगितलं होतं. प्रत्यक्षात नुसती वाळू, पत्र्याची खोली आणि मालकाच्या पेटीत कुलूपबंद झालेला पासपोर्ट. 'इथली मेंढरं आपल्यापेक्षा लठ्ठ आहेत,' असं त्यानं पहिल्या पत्रात लिहिलं, तेव्हा माय पोट धरून हसली. पुढं प्रत्येक पत्रात तो तेवढंच लिहायला लागला आणि आम्ही हसायचं सोडलं.

गंगाखेडजवळच्या आमच्या घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच. पत्रं वाचायची मी, लिहायची मी, आणि त्याचा मला भारी तोरा होता. मायच्या पोटात गाठ निघाली तेव्हा 'ताबडतोब ये' हेही मीच लिहिलं. मालक सोडेना, म्हणून दादा पळून आपल्या वकिलातीत गेला. त्यानं कळवलं, पासपोर्ट नसला तरी वकिलात एक कागद देते, एकदाच मायदेशी परतण्यापुरता. तो हातात पडला की निघतो. त्या कागदासाठी इकडं घरी चौकशी होते, हे त्यानं लिहिलं नव्हतं. बहुतेक त्यालाही ठाऊक नसावं.

महिन्याभरानं भर दुपारी सायकलवरून जमादार आला. बा मेंढरांमागं नदीकडं गेलेला. नामांतराची वर्षं होती ती. दंगलीपासून पोलीस कागदावर नाव घेऊन दारात आला म्हणजे घरातलं पोरगं उचललं जाणार, एवढंच आम्हाला कळत होतं. जमादारानं दादाचं पूर्ण नाव वाचलं आणि म्हणाला, "ह्याची शिनाख्त करायची हाय. तुमचाच हाय का?"

निजामाच्या काळापासून आमच्याकडं हा शब्द दोनच वेळी कानावर यायचा. पकडलेला चोर ओळखायचा असला तर, नाहीतर सापडलेलं प्रेत. पत्र तर गेल्याच महिन्यात आलेलं, म्हणजे प्रेत नव्हे. मालकाकडून पळाला, मालकानं चोरीचा आळ घेतला, आता तो घरी आला असेल म्हणून धरायला आलेत. माझ्या डोक्यात सगळं झटकन जुळलं. हुशार ना मी!

"असा कोनी मानूस आमच्या घरात न्हाई," मी म्हणाले.

"गावात?"

"गावात बी न्हाई."

त्यानं ते लिहून घेतलं. सही येते का, विचारलं. येते की, म्हणाले, आणि ठसक्यात केली. पाणी पिऊन तो निघून गेला. चावडीवर विचारायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत.

मायनं आतून सगळं ऐकलं होतं. भिंतीला धरून ती उठून बसली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बरं केलंस बाई," म्हणाली. "सुटलं माझं लेकरू."

दोन महिन्यांनी दादाचं पत्र आलं. 'साहेब म्हणतात, तुझ्या घरचेच तुला ओळखत नाहीत. काय केलं मी तुमचं?' मी ते बाला गोठ्यात वाचून दाखवलं. त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मायला सांगू नगं."

दुसऱ्या दिवशी शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि सरपंचाचं पत्र घेऊन आम्ही परभणीला गेलो. "माझा सख्खा भाऊ हाय," मी कचेरीत रडत सांगितलं. साहेबानं आधीचा कागद माझ्यासमोर सरकवला. "मग ही सही कुणाची?"

दादाला वकिलातीचा कागद मिळाला, पण आणखी दीड महिन्यानं. दादा एसटीतून उतरला तेव्हा मायला जाऊन अठरा दिवस झाले होते. तो कागद मी कधी पाहिला नाही, मुंबईत उतरल्याबरोबर काढून घेतला म्हणे. दादा सांगतो, त्यावर त्याचा फोटो होता, शिक्का होता, आणि हा अमुक गावचा अमुक आहे असं लिहिलेलं होतं.

दादा मायच्या रिकाम्या बाजेवर बसला. मग म्हणाला, "न्हाई म्हनून कोन सांगितलं गं?"

"मी."

 मी जमादाराचं, त्या शब्दाचं, मायनं तोंडावरून हात फिरवल्याचं, सगळं सांगितलं. त्यानं टॉवेलात तोंड खुपसलं.

"म्हंजे मी सुटलो असंच वाटलं तिला," तो म्हणाला. "निवांत गेली म्हन की."

"व्हय," मी म्हणाले.

शेवटचे तीन दिवस फाट्यावर एसटीचा आवाज आला की माय मान उचलून दाराकडं बघायची. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.