संध्याकाळचं जेवण पावणेपाचला

मार्गशीर्षातला बुधवार, दुपारी साडेतीन. युद्ध संपून दुसरा हिवाळा चालू होता. सांगलीतल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या ऑफिसात हजर: परिषदेचे चिटणीस, म्हणजे कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक, हळदीच्या पेठेतले एक जैन अडते, छापखान्याचे मालक, आणि मी, शाळेची मुख्याध्यापिका, पाहुण्यांच्या व्यवस्थेला जबाबदार. गैरहजर: अडत्यांच्या आई. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. वाद मात्र त्यांच्याच चुलीवरून झाला.

इतिहास संशोधकांची दोन दिवसांची परिषद आमच्या शाळेत भरणार होती. बाहेरगावचे साठ पाहुणे यायचे होते, आणि त्यांना आधी पाठवायचं माहितीपत्रक मी लिहीत होते. पायाखाली न घातलेला रस्ता मी कागदावर घालत नाही. आठ दिवस शाळा सुटली की छत्री आणि घड्याळ घेऊन मी गावातून चालत होते. स्टेशन ते शाळा, शाळा ते पोस्ट, शाळा ते कृष्णेचा घाट. आधीच्या एका परिषदेचं पत्रक माझ्यासमोर होतं. त्यात प्रत्येक ठिकाण ‘जवळच’ होतं. तो शब्द मी माझ्या पत्रकात एकदाही येऊ दिला नाही. मिनिटं लिहिली.

पुण्याहून येणाऱ्यांनी मिरजेला उतरून सांगलीची गाडी धरावी. साताऱ्याकडून मोटारीने येणाऱ्यांनी उंब्रजला चहासाठी लांब जाऊ नये, ड्रायव्हर निघताना माणसं मोजत नाही. अंथरूण, पांघरूण आणि तांब्या आपापला आणावा. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, आंघोळ वरच्या पायरीवर बसून करावी. मुक्कामाच्या जागेला लागून हळदीचं गुदाम आहे, तिथे पांढरं उपरणं वाळत घालू नये. हे सगळं मी पाहून लिहिलं होतं.

अडचण होती ती जेवणाची. रेशनचे दिवस. साठ माणसं एकदम जेवू घालायला गावातली एकही खानावळ तयार होईना. तेव्हा अडत्यांच्या आईंनी निरोप पाठवला की या, बोलू. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणायची. मी गेले तेव्हा त्या सोप्यात बसून हुलगे निवडत होत्या.

“आवं बाई, साठ काय नि ऐंशी काय. घरची जवारी हाय, भाकरी थापायला सुना हायत. पर माजी चूल दिवस हाय तवरच पेटती. तीस वरसांचा नेम हाय. अंधारात खायाचं न्हाई, अंधारात कुनाला वाढायचं बी न्हाई.”

“पाहुण्यांनासुद्धा?”

“तेच तर सांगती. उशिरा आले तर नेम मोडू, का उपाशी परत लावू? दोन्ही मला सोसायचं न्हाई. एळेवर आनत असशीला तर व्हय म्हना, न्हाईतर आत्ताच न्हाई म्हना.”

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या वहीकडे हनुवटीने खूण केली. “लिवलं?”

“लिहिलं,” मी म्हटलं.

हिशेब सोपा होता. त्या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. तीस-तीसच्या दोन पंगती. पहिली पावणेपाचला बसली तरच दुसरी उजेडात उठणार. शाळेपासून अक्कांचं घर माझ्या चालीने अकरा मिनिटं. म्हणजे साडेचारला व्याख्यान थांबलं पाहिजे.

त्या बुधवारी छापखान्याचे मालक पत्रकाचं प्रूफ घेऊन आले. जेवणाच्या ओळीवर मी बोट ठेवलं. तिथे ‘रात्री आठ’ असं जुळवलेलं होतं.

“मी बदललं,” चिटणीस म्हणाले. “बाई, ही विद्वान माणसं आहेत, कोंबड्या नव्हेत. पाच वाजता खुराड्यात कशी घालणार?”

“कोंबड्यांना वेळ सांगावी लागत नाही, सर.”

अडते जमिनीकडे बघत म्हणाले, “आई ऐकायची न्हाई.”

“मग तुम्ही समजूत घाला. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“नेम एकदा मोडला की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचा असतो,” मी म्हटलं. “मधली तीस वर्षं कोण भरून देणार?”

“अध्यक्षांचं भाषण चारला आहे. ते दोन तास बोलतात.”

“तीनला उभं करा.”

“तीनला ते झोपतात.”

छापखान्याच्या मालकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. चिटणिसांनी टोपी उचलली, “आठच राहील,” म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागून अडतेही गेले.

“आता मी कुणाचं जुळवू?” मालकांनी विचारलं.

“चूल ज्यांची, वेळ त्यांची.”

मी त्यांच्याबरोबर छापखान्यात गेले आणि ओळ बदलून होईपर्यंत तिथेच उभी राहिले. शेवटी आणखी एक वाक्य घालायला लावलं: यानंतर पान वाढलं जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकं पोस्टात टाकली आणि एक प्रत स्वतः जाऊन चिटणिसांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली.

“हे तुम्हाला महागात पडेल, बाई.”

“पडू दे,” मी म्हटलं आणि शाळेत गेले, कारण पहिला तास माझा होता.

परिषदेच्या पहिल्या दिवशी स्वागताचीच भाषणं लांबली. अध्यक्ष चार वाजून दहा मिनिटांनी उभे राहिले. आपण सात मुद्दे मांडणार आहोत, असं त्यांनी सांगितलं. साडेचार झाले तेव्हा ते दुसऱ्या मुद्द्यावर होते. मी चिठ्ठी पाठवली. ती त्यांनी वाचली आणि पाण्याच्या भांड्याखाली ठेवली. मी दुसरी पाठवली. ती चिटणिसांनी वाटेतच घेतली आणि खिशात घातली. घेताना माझ्याकडे पाहिलं.

मी बाहेर व्हरांड्यात आले. आमच्या शाळेची घंटा म्हणजे दोरीने टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडा. शिपाई पाहुण्यांच्या ट्रंका लावायला गेला होता. मी हातोडा उचलला आणि शाळा सुटल्याचा लांब टोल दिला. पुरता दिला, अर्ध्यावर सोडला नाही.

आत बसलेल्या साठही जणांचा जन्म शाळा-कॉलेजात गेलेला. तो टोल ऐकल्यावर कुणाला बसून राहता येईना. मागच्या रांगा उठल्या, मग पुढच्या. अध्यक्षांचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं नाही. मी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होते, “उजवीकडे, पेठेतून सरळ. अकरा मिनिटं.”

पहिली पंगत पाचला पाच कमी असताना बसली. ज्वारीची भाकरी, हुलग्याची उसळ, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि तूप. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचं लक्ष पानांवर कमी आणि समोरच्या माळवदावरच्या उन्हावर जास्त होतं.

“वाढा गं, हात चालवा. दिस कुनासाठी थांबायचा न्हाई.”

अध्यक्ष दुसऱ्या पंगतीत बसले. अक्का त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, “पाव्हणं, भाषन न्हायलं म्हनं? पोट भरलं की उद्या ताज्या दमानं बोला.”

त्यांनी गूळ दोनदा मागून घेतला.

दुसरी पंगत उठली तेव्हा माळवदाच्या कडेवर ऊन होतं. अक्कांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं आणि पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. “एळेवर आनलंसा,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उरलेले मुद्दे सकाळी झाले, आणि दुपारची व्याख्यानं चार वाजून पंचवीस मिनिटांनी आपली आपण संपली. टोल द्यावा लागला नाही.

पाहुणे गेल्यावर समितीची शेवटची बैठक झाली. मी अध्यक्षांना दिलगिरीचं पत्र लिहावं असा ठराव चिटणिसांनी मांडला. आपलं मत काय, असं अडत्यांना विचारल्यावर ते म्हणाले, “आईला इचारून सांगतो.” तरी ठराव झालाच. वृत्तान्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून तो मी शब्दाला शब्द लिहून घेतला आणि माझ्या कामांच्या यादीतही घातला.

त्या यादीतली बाकीची कामं आठवड्यात झाली. सतरंज्या परत दिल्या. पातेली मोजून अक्कांच्या घरी पोचवली. शिराळ्याच्या एका पाहुण्यांची राहिलेली छत्री मोटारीच्या ड्रायव्हरकडे दिली.

वही संपली की उरलेली कामं नव्या वहीत उतरवून घ्यायची माझी सवय आहे. ‘अध्यक्षांना दिलगिरीचं पत्र’ हे काम मी आतापर्यंत तीन वह्यांत उतरवून घेतलं आहे. त्यापुढे झाल्याची खूण अजून केलेली नाही.